बापदेवाच्या राईच्या नऊ पुरचुंड्या

मामा,

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचं कुलूप हल्ली मलाच उघडावं लागतं. वैशाखात तुम्ही निवृत्त झालात, तुमची जागा अजून भरलेली नाही, आणि ते कुलूप तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. किल्ली अर्धी घालायची, जरा मागे ओढायची आणि मग फिरवायची, एवढं तुम्ही शिकवलं होतंत. नेमकी किती मागे, ते फक्त तुमच्या बोटांना ठाऊक होतं. रोज सकाळी रोह्याच्या कॉलेजच्या त्या व्हरांड्यात मी किल्लीशी झटापट करते आणि मनातल्या मनात तुम्हाला हाक मारते. सहा-सात महिने मारतेच आहे. फरक इतकाच, की पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत तुम्ही निडीला घरी होतात आणि मी फोन केला असता तर उचलला असतात.

मी फोन केला नाही. हे आधीच सांगून टाकते.

परवा तुमच्या बाराव्याला आले होते. पडवीत माणसं बसली होती आणि जो तो तुम्हाला देवमाणूस म्हणत होता. मला ते काही पटलं नाही. देवमाणूस असा असतो? चहात साखर घालताना दुसऱ्याला विचारायचं नाही. विद्यार्थ्याने काचेची पट्टी फोडली की त्याला रागवायचं नाही, पण त्याच्या शिक्षिकेला मात्र ऐकू जाईल असं म्हणायचं, "शिकवणारे घाईत असले की असं व्हतं." तुम्ही हट्टी होतात, खवचट होतात, आणि एकदा गप्प बसायचं ठरवलंत की धोंडा परवडला. कॉलेजात सगळे परिचर मामाच असतात. पण मला 'मामा' म्हटलं की एकच माणूस आठवतो, मातीची पिशवी खांद्याला लावून दोन पावलं पुढे चालणारा.

तुमची मला हाक मारायची पद्धतही मजेशीर होती. कॉलेजच्या फाटकाच्या आत मी 'मॅडम'. फाटक ओलांडून रानाच्या वाटेला लागलो की 'बाय'. "जपून गो बाय, हितं निसरडं हाय." पहिल्यांदा म्हणालात तेव्हा मी दचकले होते, कारण घरी मला असं माझे वडीलच म्हणायचे. ते जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तुम्हाला हे मी कधी सांगितलं नाही.

सांगितलं काय, तर काम. झाडझाडोऱ्याप्रमाणे मातीतले माइट कसे बदलतात, हे मला पाहायचं होतं. तुम्ही विचारलंत, माइट म्हणजे काय. मी म्हटलं, कोळ्याच्या जातकुळीतले बारीक जीव, तिळाहून लहान, कुजका पाला आणि बुरशी खातात, पाल्याची माती करायला हातभार लावतात. तुम्ही माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "तुम्ही पेणची मानसं. तुम्हाला माती म्हंजे शाडू. गणपती करायचे सोडून ह्या मातीत कुठं पडता?" आमच्या घरी तीन पिढ्या मूर्ती रंगवतात हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. त्या दिवसापासून मी एखादा नमुना सांडला की तुमचं ठरलेलं, "शाडू नाय ती, मॅडम."

पेणच्या पत्रेवाल्याकडून मी पत्र्याची नाळकी, म्हणजे नरसाळी, करून आणली. वर जाळीवर माती, मातीवर चाळीसचा दिवा, खाली अल्कोहोलची बाटली. दिव्याच्या उष्णतेने माती वरून वाळत जाते, जीव ओल शोधत खाली खाली सरकतात आणि शेवटी बाटलीत पडतात. हे तुम्हाला समजावलं तर तुम्ही किती तरी वेळ त्या बाटलीकडे पाहत उभे होतात. मग म्हणालात, "आमच्या वाडीतल्या निम्म्या लोकांचं असंच हाय. वरून तापलं की खाली उतरून दारूत पडतात." मी इतकी हसले की शेजारच्या वर्गातून रसायनशास्त्राचे सर बघायला आले.

पण पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकात डोळा लावलात तेव्हा तुम्ही विनोद केला नाहीत. बापदेवाच्या राईची, तुमच्या गावच्या देवराईची, पहिली बाटली होती ती. चकचकीत तपकिरी पाठीचे, काळसर, केसाळ, आणि धक्का लागला की पाय आत घेऊन पेटीसारखे मिटणारे, असे किती तरी जीव त्या थेंबात होते. मी मोजता मोजता थकले होते. तुम्ही डोळा काढलात, चष्मा पुसलात, पुन्हा पाहिलंत. "हे सगळे माज्या पायाखाली व्हते?" एवढंच विचारलंत. त्यानंतर रानात शिरताना तुम्ही चपला काढून हातात घ्यायला लागलात. राईत तर सगळेच काढतात, तुम्ही ऐनाखालीसुद्धा काढायचात. मी टिंगल केली होती. माफ करा.

सहा जागा होत्या आपल्या. पेणच्या खारेपाटातलं खारट गवत, गडबचं भाताचं खाचर, निडीमागचा उघडा माळ, राबासाठी दरवर्षी फांद्या तोडतात ते ऐन-किंजळीचं रान, अकेशियाची लागवड, आणि तुमच्या गावची राई. वर्षातून दोनदा, चार वर्षं. लोखंडी नळी तुम्हीच घासून धारेची केली होतीत. ती जमिनीत दाबायची, फिरवायची, वर ओढायची. गडबच्या खाचरात भात कापल्यावर वाल असायचा, आणि तिथून आपण कधी रिकाम्या हाताने आलो नाही. मातीच्या पिशवीत खाली माती, वर वालाच्या शेंगा. मी ओरडायची, नमुने दडपतील म्हणून. तुम्ही म्हणायचात, "माइट मरनार नाय, तू मरशील उपाशी."

अकेशियाखाली चामड्यासारखा पाला साचलेला असायचा, पण त्यात वस्ती एकाच घरातली वाटावी इतकी सारखी. खाचरात तर नांगरट आणि पाणी, थोडेच चपळ शिकारी जीव टिकलेले. ऐनाखाली बरे. मी तक्ते करायची, आलेख काढायची, इंग्रजीत लांबलचक वाक्यं लिहायची. तुम्ही ते सगळं एका वाक्यात संपवलं होतंत. "वर ज्याचं झाड, खाली त्याची भावकी." मी ते वहीत लिहून ठेवलंय.

आपला एक वाद तर अर्धाच राहिला, राबाचा. मी म्हणायची, पेरणीआधी पाला-शेण पसरून जमीन भाजता, तिथली सगळी वस्ती जळून जाते. तुम्ही म्हणायचात, राब नाही भाजला तर तण काढायला तू येणार आहेस का पेणवरून. एकदा मात्र भांडता भांडता थांबलात आणि विचारलंत, "भाजल्यावर परत किती दिसांनी येतात गो?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ते चालत येणारे जीव, त्यांना वीतभर अंतरसुद्धा पुष्कळ. ते कळायला एकच माती रिकामी करून पुन्हा तिथेच ठेवावी लागेल, आणि पुन्हा पुन्हा तीच तपासावी लागेल. "एवढा येळ कुनाला हाय मामा," असं मी तुमचीच बोली करून म्हणाले आणि पुढे चालायला लागले.

राईच्या आत मात्र मी कधीच आले नाही. शिवेचा तो शेंदूर लावलेला दगड, त्याच्या पलीकडे बाईमाणसाने जायचं नाही. पहिल्या दिवशी मी तुमच्याशी त्यावरूनही भांडले होते. तुम्ही म्हणालात, "मी काय देव हाय काय? माज्याशी का भांडतेस?" मग तुम्ही नळी घेऊन आत गेलात आणि मी दगडाबाहेर बसून राहिले. सातविणीच्या आणि आंब्याच्या सावलीत तुम्ही दिसेनासे व्हायचात. आतून फक्त गारंबीच्या वेलाला धक्का लागल्याचा आवाज यायचा. नऊ खुंट्या ठोकल्या होत्यात, प्रत्येकीपाशी एक नळीभर माती. राईतून काडी उचलायचीही बंदी असताना माती कशी मिळाली, असं मी पहिल्या वेळी विचारलं होतं. "गुरवाकडनं कौल लावून घेतला. उजवा दिला देवानं," असं तुम्ही सांगितलंत. देवाने नेमकं काय सांगितलं, हे मी विचारलं नाही. मला माती मिळाली, माझं काम झालं.

पहिली खेप सोडली तर राईचे आकडे वाईट यायला लागले. सगळ्यात जुनं रान, सगळ्यात दाट पाला, आणि माइट मात्र अकेशियापेक्षाही कमी. दुसऱ्या खेपेला कमी, तिसऱ्याला जरा वर, चौथ्याला पुन्हा कमी. मला वाटलं, राई मरतेय. तुम्हाला म्हटलं तर तुम्ही एकदम तुटक बोललात, "रान आजारी नाय. राईला काय झालेलं नाय." मी विचारलं, मग जीव गेले कुठे? तुम्ही नळी पुसत राहिलात. तुम्ही तेव्हाच बोलायला हवं होतं, मामा. ह्याबद्दल माझा तुमच्यावर राग आहे, आणि तो तुम्ही गेलात म्हणून कमी करणार नाही.

मग गेल्या वर्षीचा मार्गशीर्ष. शेवटची खेप. पुन्हा तेच. मी वैतागले आणि म्हटलं, आठवड्याने पुन्हा जाऊ, पुन्हा नऊ नळ्या काढा. तुम्ही एवढंच म्हणालात, "परत नको, मॅडम... नको बाय." मी ऐकलं नाही. आपण गेलो. तुम्ही आत गेलात आणि नेहमीपेक्षा फार उशिराने आलात. पिशव्या उघडून पाहिल्या तर माती भुसभुशीत, फिकी, कोरडी. एक मूळ नाही, बुरशीचा एक धागा नाही. चार हातांवर राईचा काळा ओला पाला पडलेला, आणि तुमच्या पिशवीत ही असली माती. मी तुमच्या डाव्या बाजूला उभी होते. डाव्या कानाने तुम्हाला कमी ऐकू यायचं, रानात मी नेहमी आठवणीने उजवीकडे चालायची. त्या दिवशी डावीकडे होते, आणि हळूच बोलले. टाकून बोलायचं पण समोरच्याला ऐकू गेलं नाही अशी सोय ठेवायची, हा माझा जुना भित्रेपणा. मी म्हणाले, "ही माती खोटी आहे. आत गेलातच नाही तुम्ही. रस्त्याकडेची उचललीत."

तुम्ही वाकून पिशव्यांची तोंडं बांधलीत. दगडाजवळच्या चपला पायात घातल्यात. आणि रानाच्या वाटेवर, फाटकापासून इतक्या लांब, मला म्हणालात, "चला मॅडम. गाडीची येळ झाली."

त्या एका 'मॅडम'वरून मला कळलं की ऐकू गेलं होतं.

त्यानंतर वैशाखापर्यंत तुम्ही रोज प्रयोगशाळेत होतात. चहा वेळेवर, काचेच्या पट्ट्या चकचकीत, दिवे मोजून बंद. कशातच कसूर नाही आणि एक शब्द जास्त नाही. मी अहवालात एक ओळ लिहिली, की देवराईचे नमुने विश्वासार्ह नाहीत, ते गोळा करताना हयगय झाली असावी. आणि ती शेवटची माती, एरवी जी तुम्ही वाळल्यावर जुन्या धोतराच्या फडक्यांत बांधून घरी न्यायचात, ती मी माझ्या कपाटात कुलूपबंद केली. पुरावा म्हणून. कुणाला दाखवणार होते, देव जाणे. बाकीच्या जागांची वाळकी माती तुम्ही कॉलेजच्या जास्वंदीला घालायचात, राईची तेवढी घरी न्यायचात. चार वर्षं पाहत होते. कधी विचारलं नाही. वाटायचं, देवाची म्हणून तुळशीत घालत असाल.

तुम्ही दोनदा ती मागितलीत. एकदा होळीच्या आधी, "त्या पुरचुंड्या देता काय, मॅडम?" मी म्हटलं, कामाच्या आहेत. दुसऱ्यांदा निरोपसमारंभाच्या दिवशी, गळ्यात हार असताना. मी तेव्हा तुमच्या कार्यनिष्ठेवर छान पाच मिनिटं बोलले होते. टाळ्या झाल्या. तुम्ही जवळ येऊन विचारलंत, आणि मी म्हटलं, "बघू." भाद्रपदात निडीहून येणाऱ्या क्लार्कच्या हाती तुमचा निरोप आला, पुरचुंड्या टाकू नका, जपून ठेवा. मी चिडले. निवृत्त झाले तरी कपाटात लक्ष, असं त्या क्लार्कला बोलूनही दाखवलं. तुम्ही तेव्हा आजारी होतात, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

परवा जेवणं उरकल्यावर मामींनी मला चुलीपाशी बोलावलं. मला वाटलं, रडतील. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाय, ती देवाची माती तेवढी आण गो. त्यांचा जीव त्यात अडकला व्हता. नऊ हायत ना?"

मी विचारलं, कसली देवाची माती?

मामी माझ्याकडे अशा बघायला लागल्या जशी मी चार वर्षं तुमच्याबरोबर काम केलंच नव्हतं. "तुला नाय सांगितलं त्यांनी? देवानं कौल दिला तो एकदाच दिला. एकदाच काढायची, नि नेलेली परत आनायची. नऊ नळ्यांचे नऊ खड्डे, त्याच्यावर दहावा नाय. मग हे काय करायचे, तुजी नाळकी झाली की माती परत आनायचे नि ज्याची त्या खड्ड्यात घालायचे. पुढल्या येळेला त्याच खड्ड्यातली काढायचे. तीच. नवीन जमीन नाय उकरली कदी."

मी म्हटलं, दुसऱ्यांदा कौल का नाही लावला?

"मी बी तेच बोलले. तर बोलले, डावा दिला तर? मग पोरीचं काम बंद पडल." मामींनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "गेल्या साली तर घालून चारच दिस झाले व्हते नि तुमी परत गेलात. घरी आले ते जेवले नाय. बोलले, भाजलेलीच माती काडून दिली तिला, काय सापडनार त्यात."

मी तिथेच पाटावर बसले. चार वर्षं मी राई मोजतच नव्हते, मामा. मी नऊ ओंजळी माती मोजत होते, तीच, दर सहा महिन्यांनी दिव्याखाली भाजून, रिकामी करून. आणि त्या शेवटच्या दिवशी तुम्ही आत इतका वेळ काय करत होतात, तेही कळलं. दोन हातांवर नवी, ओली, जिवांनी भरलेली माती होती. नळी तिथे दाबली असतीत तर मी खूश होऊन घरी गेले असते आणि तुम्हाला कोणी खोटं म्हटलं नसतं. तुम्ही दाबली नाहीत. देवाला दिलेला शब्द मोडला नाहीत, माझं काम बंद पडू दिलं नाहीत, आणि दोहोंच्या मध्ये जे काय व्हायचं ते स्वतःवर घेतलंत. असला बेरकी माणूस, आणि शेवटी एवढा भोळा हिशोब! एक वाक्य बोलायचं होतंत हो. मी ओरडले असते, चार दिवस रुसले असते, आणि मग नऊच खड्ड्यांत बसेल असं काम आखलं असतं. की मी हसले असते? तुम्हाला तीच भीती होती का? चपला काढता म्हणून हसलेच होते की.

काल दिवसभर प्रयोगशाळेत जुन्या बाटल्या काढून बसले. राईच्या सगळ्या, पहिल्यापासून. पहिली तीच, जी तुम्ही चष्मा पुसून पाहिली होतीत. ती खरी राई. सहा जागांत तिच्याइतकं भरलेलं काहीच नव्हतं. आणि पुढच्या बाटल्या ज्या मी 'कमी' म्हणून बाजूला सारल्या होत्या, त्या आता वेगळ्याच दिसायला लागल्या. एकही रिकामी नाही. भाजून मेलेल्या मातीत दर वेळी कोणी ना कोणी चालत आलं होतं. चार दिवसांच्या त्या शेवटच्या बाटलीत नुसते लांब पायांचे चपळ, ज्यांना तुम्ही फौजदार म्हणायचात. सहा महिन्यांच्या बाटल्यांत मग बारके फिकट. मग थोडे चकचकीत पाठीचे. पेटीसारखे मिटणारे सगळ्यांत शेवटी, एखाद-दुसरा. आंब्याच्या बुंध्याजवळच्या खड्ड्यांत लवकर, वाटेकडच्या खड्ड्यांत उशिरा. तुम्ही विचारलं होतंत ना, भाजल्यावर परत किती दिवसांनी येतात? एवढा वेळ कुणाला आहे, असं मी म्हणाले होते. तो वेळ तुम्ही दिलात, आणि तुम्हाला ते माहीतही नव्हतं. उत्तर त्या बाटल्यांत आहे. सांगायला मात्र तुम्ही नाही.

सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढून मी दोनदा मागे वळून म्हटलं, "मामा, हे बघा." सवय. स्टुलावर डस्टर ठेवलेलं होतं.

अहवालातली 'हयगय'ची ओळ काढली. तिच्या जागी जे घडलं ते जसंच्या तसं लिहिलं, कौलासकट. वरच्या साहेबांना ते शास्त्रीय वाटेल की नाही, ते त्यांचं ते बघतील. पण कागदावरची ओळ खोडणं सोपं असतं. दगडापाशी बोललेली कुठे खोडायची?

आज सकाळी पेणहून गाडीने निडीला उतरले. मातीची पिशवी तीच, तुमची. भात कापून झालंय, ओलीवर पेरलेला वाल दोन पानांवर आलाय. तुम्ही असतात तर वाटेत निदान तिघांशी बोलला असतात, मी कुणाशी बोलले नाही. मामी घरापाशी पदर खोचून तयारच होत्या. गुरवही आला. आम्ही तिघं वर गेलो. कपाटातल्या त्या पुरचुंड्या मी सोडूनही पाहिल्या नव्हत्या. गाठी मी बांधलेल्या नव्हत्या ना, तुमच्याच होत्या. त्या मार्गशीर्षातही, मी तसं बोलल्यावरही, माती वाळल्यावर तुम्ही ती नेमाने फडक्यांत बांधली होतीत आणि प्रत्येकीवर शाईने खुंटीचा आकडा घातला होतात. मी फक्त कुलूप लावलं होतं.

शिवेच्या दगडापाशी मी चपला काढल्या आणि थांबले. ह्या खेपेला भांडले नाही. नऊ पुरचुंड्या एकेक करून गुरवाच्या हातात दिल्या. तो विचारायला लागला, कुठली कुठं घालायची. मी म्हटलं, खुंट्यांवर आकडे आहेत, मामांनी घातलेले. तो आत गेला. तुम्ही जायचात तसाच सातविणीच्या सावलीत दिसेनासा झाला. मामी आणि मी बाहेर बसलो. त्याही ह्या गावात नांदायला आल्यापासून कधी आत गेलेल्या नव्हत्या. "कसं हाय आत, ते त्यांनाच ठाव," त्या म्हणाल्या. आतून वेलाला धक्का लागल्याचा आवाज आला, आणि एक क्षणभर, खरं सांगते मामा, मला वाटलं, आता तुम्ही नळी पुसत बाहेर याल.

गुरव आला. रिकामी फडकी त्याने मामींच्या हातात दिली. मामींनी ती झटकली नाहीत, तशीच घडी करून कमरेला खोचली. "झालं गो बाय," म्हणाल्या. "सुटले ते."

मी उठून दगडाच्या अगदी जवळ गेले. काय बोलायचं ते कालपासून ठरवलं होतं, पुष्कळ ठरवलं होतं. त्यातलं एकच बाहेर आलं, तेही हळूच. "मामा, माती खरी होती."

मामींनी मागून माझ्या पाठीवर हात ठेवला. "मोठ्यानं बोल गो. एका कानानं त्यांना कुठं ऐकाय यायचं."

मग मी राईकडे तोंड करून, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात, पुन्हा म्हणाले.